विकतचा कंदील, घरचा हात

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने प्रात्यक्षिकासह केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणीतरी दोन शब्द बोलायचे असतात. दरवर्षी आपण बाहेरच्या पाहुण्यांना बोलावतो. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "घरचेच माणूस बोलू द्या. तुम्ही दिवाळीत कंदिलाचे काय ते करता, तेवढेच सांगा." मी म्हटले, मला भाषण येत नाही, हाताने करून दाखवता येते. म्हणून हा कंदील, खळीचा वाडगा आणि कात्री घेऊनच उभी राहिले आहे. बोलताना अडखळले, तर कात्री चालवीन.

हा कंदील मी परवा स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून आणला. तिथला सगळ्यांत स्वस्त होता तो. गाडीवाल्याने बाकीचे कंदील चांगले उंच टांगले होते. हा बिचारा खाली, टोपलीच्या कडेला पडला होता. नीट बघा, काड्या बांबूच्याच आहेत, आकारही आपला जुना, पारंपरिकच आहे. पण कागद सैल पडला आहे, कोपरे लचकतात, चारही बाजूंना काळपट हिरवा कागद लावल्यामुळे उजेड बाहेर पडत नाही, आणि खाली शेपट्या म्हणाल तर चारच, त्याही उंदराच्या! घरी आणल्यावर नातू म्हणाला, "आजी, हा नापास झालेला कंदील आहे का?"

मी त्याला म्हटले, "नापास नाही बाळ, याची शिकवणी राहिली आहे."

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप करायचा तर कंदील सगळाच घरी का करू नये? किंवा चार पैसे जास्त टाकून चांगला तयार कंदील का घेऊ नये? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर द्यायचे तर मला जरा मागे जावे लागेल.

माझे लग्न झाले आणि मी परळला सासरी आले. चाळीतली दहा बाय बाराची खोली, घरात सात माणसे. मामंजी कापडगिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी होते आणि जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. सुरुवातीला सगळ्यांना वाटले, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. चाळीतली निम्मी बिऱ्हाडे गावी गेली. ज्यांना गावी जमीन नव्हती ती राहिली, आणि आम्ही त्यांतलेच. भोंगा वाजायचा थांबला तशी चाळीची सकाळच हरवली. मामंजी गॅलरीत स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसत. मुळातच बोलणे कमी, ते अगदीच बंद झाले.

नोव्हेंबरात दिवाळी आली. सासूबाईंनी आधीच सांगून टाकले, "यंदा कंदील नको. पगार नाही घरात, शोभेल तरी का?" मी नवी सून, काय बोलणार? पण वसुबारसेच्या संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत अंधार. एकाही दारी दिवा नाही. एका दाराशी एक लहान मुलगी आईला विचारत होती, "आई, दिवाळी उद्या नाही का?" तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसला.

माहेरची भाऊबीज म्हणून आलेले थोडे पैसे माझ्याकडे होते. दुसऱ्या दिवशी मी लालबागच्या बाजारातून सगळ्यांत स्वस्त कंदील आणला. तो असाच होता, हा आज हातात आहे ना, अगदी त्याचा सख्खा भाऊ. सासूबाई रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "हा टांगण्यापेक्षा न टांगलेला बरा." मी पतंगाच्या कागदाचे दोन ताव आणि थोडी बेगड आणली आणि दुपारी जमिनीवर पसारा मांडून बसले. कोपरे आवळायला घेतले, तर गाठ बसेना. दोरा सुटे, काडी सरके. माझी ती धडपड मामंजी स्टुलावरून बघत असावेत. एकदम उठले, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आण इकडे. ही गाठ नव्हे."

भगिनींनो, साच्यावरच्या माणसाला दिवसभरात किती तुटलेले धागे जोडावे लागत असतील! त्यांनी दोन बोटांत दोरा धरला, काय केले ते मला दिसलेसुद्धा नाही, आणि गाठ बसली. बाराही कोपरे त्यांनी बांधले. बांधताना ते बोलू लागले. पहिल्यांदा गाठीविषयी, मग साच्याविषयी, मग गिरणीत दसऱ्याला साच्यांची पूजा कशी होई त्याविषयी. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. करंज्या त्यांनी कातरल्या. त्या वर्षी फराळाच्या करंज्या मोजक्याच होत्या, पण कागदाच्या साठ झाल्या!

तो कंदील लागला, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू त्यांच्या माळ्यावरचा जुना कंदील घेऊन आल्या. "याचेही काही होईल का गं?" लक्ष्मीपूजनापर्यंत आमच्या मजल्यावर नऊ कंदील लागले होते. नवीन त्यांतला एकच, आमचा. बाकीचे आठ जुन्याचे नवे केलेले. मामंजींनी सगळ्यांचे कोपरे बांधले. संपाचे पुढे काय झाले ते तुम्हांला ठाऊक आहे. मामंजी पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पण त्या दिवाळीनंतर ते स्टूल भिंतीकडे वळवून कधी बसले नाहीत.

म्हणून मी स्वस्त कंदिलाला हसत नाही. शिवाय दुसरेही एक कारण आहे. हा कंदील कोणीतरी बांधलेला आहे. बांबू फोडणे, काड्या तासणे, सारख्या लांबीच्या कापणे हे काम सोपे नाही. ते आपण घरी करायला गेलो तर बोटात कुसळ आणि तोंडात अरेरे! ज्या घरात हे कंदील नगावर बांधतात, तिथे एका कंदिलामागे फार वेळ देणे परवडत नाही. कागद सैल राहतो तो आळसाने नव्हे, घाईने. तेव्हा सांगाडा त्याचा, साजशृंगार आपला. त्याला त्याच्या कष्टाचे पैसे मिळतात आणि आपल्याला आपल्या हौसेचे समाधान. असो.

आता मुख्य कामाला लागू.

पहिली गोष्ट म्हणजे सांगाडा समजून घेणे. हा कंदील म्हणजे सहा चौकोन. प्रत्येकाला चार काड्या, म्हणजे एकूण चोवीस. हे चौकोन कोपऱ्यांना एकमेकांशी बांधले की मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. कोपरे बारा. हे गणित एकदा डोक्यात बसले की कंदील कुठे बिघडला आहे ते लगेच कळते. त्रिकोण कधी वाकडा होत नाही, वाकडा होतो तो चौकोन. चौकोन तिरका झाला की सगळा कंदील पिळवटल्यासारखा दिसतो. तपासायची युक्ती सोपी आहे. एक दोरा घ्या, चौकोनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मापा. तोच दोरा उरलेल्या दोन कोपऱ्यांना लावून बघा. दोन्ही मापे सारखी आली की चौकोन सरळ. माझ्या या कंदिलाची काडी आठ इंचांची आहे, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण सव्वाअकरा इंच भरले पाहिजे.

सैल कोपरे आवळून बांधायचे. दोरा खळीत बुडवून घेतला की वाळल्यावर गाठ दगडासारखी होते. मग तळाच्या चौकोनात दोन काड्या फुलीसारख्या बांधायच्या. जुन्या खराट्याच्या जाड काड्याही चालतात. ही फुली बांधली की कंदिलाचे लचकणे निम्मे थांबते. उरलेले निम्मे कागद ताणून लावल्यावर थांबते. कारण कागद नुसता शोभेचा नसतो, तो सांगाड्याला धरूनही ठेवतो.

दुसरी गोष्ट खळ. बाजारात डिंकाच्या बाटल्या पुष्कळ मिळतात, पण पतंगाच्या कागदाला मैद्याच्या खळीसारखे दुसरे काही नाही. डिंक फार ओला. त्याने हा पातळ कागद आक्रसतो आणि डाग पडतो. चार मोठे चमचे मैदा अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा, त्यात दीड वाटी उकळते पाणी धरून मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक आली की खळ झाली. गार झाल्यावरच वापरावी. झुरळे कागद खाऊ नयेत म्हणून जुन्या बायका खळीत चिमूटभर मोरचूद घालीत. मी घालीत नाही, आणि तुम्हीही घरात लहान मुले असतील तर घालू नका, ते विष आहे. मोरचुदाच्या खळीला स्वयंपाकाचे भांडे तर मुळीच लावू नये. खळ दोन दिवसांपुरतीच करावी, म्हणजे आंबायचा प्रश्नच येत नाही.

तिसरी गोष्ट रंगांची, आणि इथेच बहुतेक विकतचे कंदील फसतात. कंदिलाला दोन जन्म असतात, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. दिवसा उजेड कागदावर बाहेरून पडतो, तेव्हा गडद हिरवा, जांभळा, निळा हे रंग छान उठून दिसतात. रात्री उजेड आतून येतो. तेव्हा तेच रंग उजेड गिळून टाकतात आणि कंदील अंधारा दिसतो. पांढरा, पिवळा, केशरी, फिका गुलाबी हे रंग रात्री हसतात. म्हणून नियम असा ठेवावा: मोठ्या जागेला फिका रंग, कडेला गडद. साडीचे पोत आणि काठ, तसेच.

या कंदिलाचे त्रिकोण पिवळे आहेत, ते तसेच राहू देते. चार बाजूंचे हिरवे चौकोन मात्र काढून तिथे पांढरा कागद लावणार. काढताना कागद फाडू नये. ओले फडके काडीवरून फिरवावे, दोन मिनिटांनी कागद आपसूक सुटतो. मात्र खाली वर्तमानपत्र ठेवा, कारण पतंगाच्या कागदाचा रंग पाण्याला लगेच सुटतो. एकदा माझ्याकडून पाण्याचा थेंब पिवळ्या त्रिकोणावर गेला होता. ती हिरवी टिकली मी शेवटी कागदी कोयरी चिकटवून झाकली, आणि बघणाऱ्या बायका म्हणाल्या, कल्पना छान आहे!

माझ्याकडचा ताव वीस बाय तीस इंचांचा आहे. साडेआठ इंचांचे सहा चौकोन त्यातून निघतात. आपल्याला चार हवेत, दोन चुकायला ठेवा. कागद काडीवर अर्धा-पाव इंच मुडपून आतल्या बाजूने चिकटवावा. फार ओढू नका, फाटतो. थोडा सैल राहिला तरी चालेल, कारण आता खरी गंमत आहे. खळ पूर्ण वाळली की इस्त्रीच्या वेळी वापरतो त्या फवाऱ्याच्या बाटलीने या पांढऱ्या कागदावर अगदी हलका, धुक्यासारखा फवारा मारायचा आणि सावलीत वाळू द्यायचे. वाळताना कागद आकसतो आणि डफासारखा ताणला जातो. हा बघा, घरून एक चौकोन तयार करून आणला आहे. टिचकी मारली की टण्‌ आवाज येतो. विकतच्या सैल कंदिलात आणि घरी सुधारलेल्या कंदिलात सगळ्यांत मोठा फरक या एका फवाऱ्याने पडतो, आणि त्याला पै खर्च नाही. मात्र फवारा पांढऱ्यालाच मारायचा. रंगीत कागदावर मारला तर रंग ओघळतील, म्हणून करंज्या लावायच्या आधीच हे काम उरकून घ्यावे. पिवळे त्रिकोण फडक्याने झाकून घ्यायला विसरू नका.

चौथी गोष्ट सावलीची नक्षी. मुलांच्या वह्यांना घालतो तो खाकी कागद घ्या. त्यातून पणती, कोयरी, कमळ, स्वस्तिक, जे सुचेल ते कातरा. कंदिलाच्या वरच्या तोंडातून हात आत घालून हे आकार पांढऱ्या कागदाला आतल्या बाजूने खळीच्या चार ठिपक्यांनी चिकटवा. दिवसा बाहेरून जवळजवळ काहीच दिसत नाही. संध्याकाळी दिवा लागला की पांढऱ्यावर पणती उमटते. लहान मुलांना याचे फार अप्रूप वाटते. माझा नातू शेजारच्या मुलांना बोलावून आणतो आणि म्हणतो, "थांबा, आता उमटेल!" काळा कागद वापरू नका, त्याचा रंग लागतो. नक्षी मोठी आणि सोपी ठेवा. रस्त्यावरून दिसायची आहे ती, भिंगातून नव्हे.

पाचवी गोष्ट करंज्या. कंदिलाच्या कडांना जी फुगीर झालर असते तिला आपण करंज्या म्हणतो. स्वस्त कंदिलाला त्या नसतातच, कारण त्यांना वेळ लागतो. लाल कागदाची आठ पदरी घडी घाला, त्यावर अडीच इंच व्यासाचे झाकण ठेवून पेन्सिलीने गोल आखा आणि एकदम कातरा. वर्तुळ मधोमध दुमडायचे. गोल कडेला बारीक कातरे द्यायचे. मग दुमडलेली बाजू खळीने काडीवर चिकटवायची आणि गोल बाजू बाहेर ठेवायची. वाळल्यावर दोन्ही पदर बोटाने अलगद विलग केले की पोट फुगते आणि खरोखरीची करंजी दिसते. एका काडीवर तीन बसतात. वरच्या तोंडाच्या चार काड्या सोडल्या तर वीस काड्या उरतात, म्हणजे साठ करंज्या. हे काम एकटीने करू नये. कंटाळा येतो, पाठ दुखते. चौघी बसल्या तर गप्पांत साठ कधी होतात कळत नाही.

त्यानंतर बेगड. पाव इंचाच्या सोनेरी पट्ट्या कापून कागद आणि काडी जिथे मिळतात तिथे लावल्या की सगळे ओबडधोबड झाकले जाते. इथे माझी एक फजिती सांगते. एका वर्षी मी आधी बेगड लावली आणि तिच्यावर करंज्या चिकटवल्या. रात्री सुंदर दिसला कंदील. सकाळी अंगणात लाल करंज्यांचा सडा! बेगडीच्या गुळगुळीत अंगाला खळ धरत नाही. तेव्हा करंज्या आधी, बेगड नंतर, आणि खळ बेगडीच्या पाठीला, हा क्रम मोडू नका.

शेवटी शेपट्या. एका तावाच्या एक इंच रुंद आणि तीस इंच लांब अशा वीस पट्ट्या होतात. तळाच्या चारही काड्यांना पाच-पाच लावा. उंदराच्या शेपटीचा मोर होतो! दोन रंगांच्या घ्यायच्या तर आलटून पालटून लावा. कोपऱ्यांवर मात्र चारही ठिकाणी सारखा रंग आला पाहिजे, नाहीतर वाऱ्यावर फिरताना कंदील लंगडा दिसतो.

आता दिव्याविषयी, कारण शोभेपेक्षा जीव मोठा. आमच्या त्या पहिल्या कंदिलात चाळीस वॅटचा बल्ब होता आणि तो आत एका बाजूला कलला होता. अर्ध्या तासात कागद तांबूस झाला. मामंजींनी पाहिले म्हणून वेळेवर कळले, नाहीतर कंदिलाबरोबर गॅलरीही पेटायची. जुन्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. त्यामानाने आताचे एलईडी दिवे कितीतरी थंड असतात. पाच ते सात वॅटचा, पिवळसर उजेडाचा एलईडी घ्यावा. पांढऱ्याशुभ्र उजेडात लाल-पिवळे रंग आजारी दिसतात. वरच्या तोंडात एक काडी तिरपी बांधून होल्डर तिला नीट आवळावा, म्हणजे दिवा बरोबर मध्यभागी राहतो. कंदिलाचा भार कधीही वायरीवर टाकू नये. चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधून त्यांवर कंदील टांगावा, वायर वेगळी सैल सोडावी. वायरीचा जोड कंदिलाच्या आत नको. आणि वर-खाली दोन्ही तोंडे मोकळी ठेवावीत, म्हणजे हवा खेळती राहते. मेणबत्ती किंवा पणती कागदी कंदिलात कोणीही ठेवू नये, कितीही हौस असली तरी.

आता थोडे पुठ्ठ्याच्या घडीच्या कंदिलांविषयी, कारण बहुतेकींच्या घरी तेच असतात. थर्माकोलच्या मखरांवर आणि सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली तेव्हापासून पुठ्ठ्याचे दिवस बरे आले आहेत. या कंदिलांविषयी बोलताना मला एक कबुली द्यायची आहे. माझी सून समोर बसली आहे. तिची परवानगी काढूनच सांगते.

लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या दिवाळीला तिने ऑफिसातून येताना एक घडीचा कंदील आणला. पुठ्ठ्याचा, गडद जांभळा. मला काही तो आवडला नाही. दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर मी माझे सामान काढले आणि संध्याकाळपर्यंत त्या कंदिलाचे रूप पालटून टाकले. पांढरा कागद काय, लाल करंज्या काय! मला वाटले, ती खूश होईल. ती आली, तिने पाहिला, "छान झालाय, आई," म्हणाली. पण त्या रात्री कंदिलाचे बटण तिने दाबले नाही, मीच दाबले. चार दिवसांनी बोलता बोलता म्हणाली, "माझ्या माहेरी दारात जांभळी गोकर्ण आहे ना, म्हणून मला तो रंग आवडला होता."

भगिनींनो, मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या घरात मी नवी सून असताना स्वतःच्या पैशाने स्वस्त कंदील आणला, त्याच घरात माझ्या सुनेने आणलेला कंदील मी तिला न विचारता झाकून टाकला होता. १९८२ साली सासूबाईंनी माझा कंदील झाकला नाही. त्या करंज्या कातरायला माझ्याशेजारी बसल्या. सुधारणे आणि पुसून टाकणे यांत फरक आहे, हे मला इतक्या उशिरा कळले. खळ वाळली होती. कागद काढायला गेले तर पुठ्ठा सोलून निघाला असता.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा जांभळाच आणला. हसून माझ्यापुढे ठेवला. मी विचारले, "याचे काय करावेसे वाटते तुला?" ती म्हणाली, "रंग राहू दे, पण उजेड यायला हवा." मग आम्ही दोघींनी डोके चालवले. पुठ्ठ्याचा कंदील उलगडून सपाट केला, खाली चौघडी गोधडी घातली आणि ठिपक्यांच्या रांगोळीसारखे ठिपके आखून दाभणाने भोके पाडली. बाहेरच्या बाजूने आत टोचायचे, म्हणजे दर्शनी बाजू गुळगुळीत राहते. घडीच्या रेषेवर मात्र भोक पाडू नये, तिथून पुठ्ठा फाटतो. भोकांत अर्ध्या इंचाचे तरी अंतर ठेवावे. आतून पिवळा पतंगाचा कागद चिकटवला. रात्री दिवा लावला, तर जांभळ्या आकाशात पिवळ्या चांदण्यांची रांगोळी! एवढा सुंदर कंदील मी एकटीने आजवर केलेला नाही. प्लॅस्टिकचा कंदील असेल तर त्याला खळ धरत नाही. तिथे सुईदोऱ्याने झालर टाचावी, किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी. त्याला फेकून देऊन नवा आणण्यापेक्षा दोन-चार वर्षे नवे रूप देत वापरलेला बरा.

आपल्याकडे कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा लावायची रीत जुनी आहे. पितरांना वाट दिसावी म्हणून तो लावतात, असे माझी आजी सांगे. वर गेलेल्यांना वाट दिसते की नाही ते देव जाणे. खाली राहिलेल्यांना मात्र नक्की दिसते. अंधाऱ्या जिन्यावरून दमून घरी येणाऱ्या माणसाला दारातला उजेड लांबून ओळखू येतो, आणि तो आपला आहे हे त्याला कळते.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. यंदा दिवाळीपूर्वी एका रविवारी आपण सगळ्याजणी इथे जमू या. प्रत्येकीने आपला कंदील आणावा, स्वस्तातला, जुना, माळ्यावरचा, कसाही. ताव आणि बेगड मंडळाने एकदम आणावी, ती स्वस्त पडेल. मी हिशेब केला आहे, एका कंदिलाला शंभर रुपयांच्या आत सगळे सामान बसते. खळ मी करून आणीन. सुनांना आणा, मुलींना आणा, नातवंडांना आणा. घरातल्या पुरुषमंडळींनाही बोलवा. गाठी बांधायला ती बरी असतात, आणि हात कामाला लागले की बोलूही लागतात. आपल्या वसाहतीत मागच्या बाजूच्या इमारतीत ज्या एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, त्यांच्या दारासाठीही एक कंदील करू. मात्र आधी त्यांना विचारू, कोणता रंग आवडतो म्हणून!

मी फार बोलले. चुकले-माकले पदरात घ्या. आता बोलणे पुरे, ज्यांना करंज्या शिकायच्या आहेत त्यांनी पुढे या. कात्र्या दोनच आहेत, पण खळ भरपूर आहे.